वाऱ्याचं बी मी मातीत टोबलं

थांबा, हे आत्ताच सांगायचं आहे. परतवाड्याच्या स्टँडवर एसटी उभी आहे, ड्रायव्हर-कंडक्टर चहाले गेले आणि माझ्या मोबाईलले सकाळपासून आत्ता कुठं रेंज आली. अमरावतीले रूमवर पोचली, हातपाय धुतले, मैत्रिणीनं विचारलं की काय झालं वं तिथं, की मी हे सारं गोड करून सांगीन. मले मी माहीत आहे. गोड करून सांगण्यातूनच तर हे सारं झालं. म्हणून आत्ताच, अंगठ्यानं, जसं येते तसं टाइप करून राहिली.

मी तेल्हाऱ्याची. बाबाची चार एकर काळी जमीन, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. अमरावतीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाले आहे, बॉटनी. आमच्या मॅडम पहाडावरच्या एका जंगली फुलाचा अभ्यास करतात. डेझी म्हणतो ना आपण, मधात पिवळं बटण आणि भोवती पाकळ्यायची झालर, त्याच खानदानातलं. सह्याद्रीवाल्यायले सोनकी माहीत असते, तिची लांबची बहीण समजा. पण हे मॅडमले चिखलदऱ्याकडच्या पहाडात फक्त एका कड्यावर सापडलं. एका. कड्याचं नाव मी लिहिणार नाही, गावाचंही नाही, आणि गावातले लोक त्या फुलाले काय म्हणतात तेही नाही, कारण आपण लोक काय करतो ते मले माहीत आहे. एक रील टाकतो आणि पुढच्या रविवारी तिथं गाड्यायची लाईन लागते.

कडा तरी केवढा, दोन बैलबंड्या उभ्या राहतील एवढा. त्यावर चाळीसेक झाडं. मॅडमचं म्हणणं, एक वणवा लागला की संपलं. म्हणून परवानगी काढून थोडं बी आणायचं, कॉलेजच्या गच्चीवर हिरव्या जाळीची शेड आहे तिथं रोपं करायची, कसं उगते, किती दिवसांत उगते, कशानं मरते, हे सारं लिहून ठेवायचं. म्हणजे उद्या कड्यावरचं गेलं तरी पुन्हा लावता येईल. हाच माझा प्रोजेक्ट. मी एवढी खुश की पहिल्या दिवशी आईले चार वेळा फोन केला. चौथ्या वेळी आई म्हणे, "बाई, फूल हाय का जावई?"

आता मावशी. कड्याखालच्या गावातली कोरकू बाई आहे, पन्नाशीची असेल. फुलं लागली की बी उडेपर्यंत, म्हणजे भादव्यापासून दिवाळीपर्यंत, मॅडम तिले दरसाली मजुरीवर ठेवत. काम एवढंच की रोज कड्यावर जाऊन बसायचं, बकऱ्या येऊ द्यायच्या नाही, फोटोवाल्यायले हाकलायचं, आणि कोणत्या झाडाचं बी कधी पिकलं ते ध्यानात ठेवायचं. तिले लिहिता येत नाही. ती झाडाजवळ खडे मांडे. एक खडा म्हणजे कळी, दोन म्हणजे फूल, तीन म्हणजे बी पिकलं, आता या. मॅडम म्हणत, माझ्या रजिस्टरपेक्षा हिचे खडे पक्के. गावातले लोक तिले गमतीनं फूलवाली साहेब म्हणत, आणि तीही साहेबासारखीच, पदर खोचून, काठी मांडीवर घेऊन दगडावर बसे.

पहिल्या साली दिवाळीच्या आधी मी आणि मॅडम बी आणायले गेलो. एका झाडाचा एकच गोंडा, म्हणजे बी धरलेलं वाळकं फूल, घ्यायचा, बाकी सारे कड्याचे, असा मॅडमचा नियम. मावशीनं जुन्या लुगड्याच्या बोटभर थैल्या शिवून ठेवल्या होत्या, प्लास्टिकमधी बी घामेजते म्हणे. मले तर कच्चा कोणता, पक्का कोणता काहीच समजत नव्हतं. मी हात लावला की ती माझ्या मनगटावर चापट मारे आणि म्हणे, त्याले राहू दे, ते अजून मायचं दूध पिऊन राहिलं.

मंग तिनं एक पिकलेला गोंडा तळहातावर घेतला, फुंकर मारली, आणि ते केसावालं बी उडून ओल्या दगडावरच्या शेवाळात जाऊन बसलं. त्याच्याकडे बोट दाखवून ती मले लय वेळ काहीतरी सांगत होती. मी व्हिडिओ काढत होती. तिचा चेहरा नीट येते का, उन्ह मागून तर नाही, आवाजात वारा तर नाही घुसून राहिला, हे पाहण्यात मी गुंग. हाओ मावशी, हाओ, एवढंच म्हणत होती. हा व्हिडिओ ध्यानात ठेवा.

आम्ही अमरावतीले आलो आणि आठ दिवसांत मॅडमले महिनाभराच्या ट्रेनिंगले बाहेर जावं लागलं. जाताना त्या सांगून गेल्या की अर्धंच बी पेर, अर्धं फ्रीजमधी ठेव. ट्रेमधी वाळू आणि पालापाचोळ्याचं खत घे, बी वरच टाक, झाकू नको. मी मान हलवली. मॅडम गेल्या आणि मी बाबाले फोन लावला.

खरं सांगू, मले फक्त शायनिंग मारायची होती. बाबा, मी असं असं दुर्मिळ बी पेरून राहिली, साऱ्या पहाडात नाही असं. बाबानं सारं ऐकून घेतलं आणि विचारलं, माती कोणती. मी म्हटलं वाळू. बाबा हसले. "वाळूत काय उगते वं पोरी? वाळूत घर बांधतात."

तिसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती, अर्धं पोतं काळी माती आली. आमच्या वावरातली. बाबानं ती चाळणीनं चाळली होती, तिच्यात दोन वर्षं कुजलेलं शेणखत मिसळलं होतं, पोत्याचं तोंड आईच्या साडीच्या काठानं बांधलं होतं. मी ते पोतं उघडलं आणि गच्चीवर आमच्या वावराचा वास आला. आता सांगा, मी काय वाळू घेतली असती?

आणि पेरलं कसं? सरकी टोबतो तसं. बोट दोन पेरं आत घालायचं, बी सोडायचं, अंगठ्यानं माती ओढायची, वरून दाबायचं, म्हणजे पाखरं खात नाही. सात वर्षांची होती तवापासून मी आईच्या मागं मागं तासात, म्हणजे वावरातल्या ओळीत, सरकी टोबत आली. पेरणं म्हणजे माझ्या हाताले हेच माहीत. केसाएवढं ते बी, त्याच्यावर मी दोन पेरं काळी माती दाबली. तेही अर्धं नाही, सारंच. मॅडम परत आल्या की सारे ट्रे हिरवेगार आणि मी बाजूले उभी, हा सीन मी डोक्यात आधीच पाहून टाकला होता.

काळ्या मातीले पाणी देल्लं की ती गोंदासारखी होते, वाळली की दगड. हे मले माहीत नव्हतं का? शेतकऱ्याच्या पोरीले? दहाव्या दिवशी वर पापुद्रा आला, पंधराव्या दिवशी भेगा पडल्या. मी आणखी पाणी टाकलं. एकविसाव्या दिवशी एका कोपऱ्यात उकरून पाहिलं तर बी नव्हतंच, काळा बुरशीचा धागा होता. दुसऱ्या कोपऱ्यात तेच. साऱ्या ट्रेत तेच.

मॅडम परवा येणार होत्या. मी त्या दुपारी सारे ट्रे रिकामे केले, माती कॉलेजच्या मागं कडुलिंबाखाली ओतली, ट्रे घासून धुतले, वाळू आणि पाचोळ्याचं खत भरलं, वरून पाणी मारलं आणि त्याच पट्ट्या, त्याच तारखा पुन्हा खोचून देल्ल्या. बाबाचं पोतं घडी करून रूमवर पलंगाखाली टाकलं. एवढ्या सफाईनं केलं की शेवटी मलेच वाटायले लागलं, मी वाळूतच पेरलं होतं.

मॅडम आल्या. ट्रेजवळ उकिडवं बसून वाळू बोटानं सारून सारून पाहिली. मंग हळूच विचारलं, "बी कच्चं होतं का गं?"

मॅडम पुण्याच्या आहेत, गं म्हणतात. मी काही बनवून आणलं नव्हतं, शपथ. मी रडून सांगणारच होती असं मले आजही वाटते. पण त्याईनंच रस्ता दाखवला आणि मी त्या रस्त्यानं पळाली.

"हाओ मॅडम. मी मावशीले म्हणत होती, पण तिनं घाईघाईत कच्चेच तोडले."

बस, एवढंच बोलली. मॅडम म्हणाल्या की इतक्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं, आणि रजिस्टरमधी लिहिलं, बी अपक्व. मले त्याईनं चहा पाजला. निराश होऊ नको म्हणाल्या. आणि बाबा फोनवर विचारत, माझ्या मातीत उगलं का वं तुझं फूल? मी म्हणे, मस्त उगलं बाबा.

आमच्या घरी लहानपणापासून रविवारी विहारात वंदनेले जायची सवय आहे. अमरावतीतही रूमजवळच्या विहारात मी जाते. पाच शीलं सारे मिळून मोठ्यानं म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या हिवाळ्यात तिसरं झालं की माझा आवाज बसून जाये, मी खोकल्याचं नाटक करून चौथं सोडून देई आणि पाचव्याले पुन्हा येई. बाजूच्या आजीनं एकदा खडीसाखर देल्ली, घसा सांभाळ म्हणे. म्हणजे खोटं न बोलायचं शील चुकवाले मी पुन्हा खोटंच खोकलली. वर खडीसाखर खाल्ली.

पुढच्या भादव्यात मॅडमनं मावशीले बोलावलंच नाही. रागावून नाही, त्या तशा नाहीतच. त्याईले वाटलं, हिचं आता वय झालं, नजर कमी झाली असेल. जंगलखात्याच्या गार्डकडे निरोप देल्ला की यंदा कामाची गरज नाही, त्यानं कारण विचारलं तर कच्च्या बियाचं सांगितलं, आणि ठरवलं की दर पंधरा दिवसांनी आपणच दोघी जाऊन येऊ. मी तिथंच उभी होती. मी बॅगेची चेन लावत होती, ती चेन लयच वेळ लागत होती.

दर पंधरा दिवसांचं काय झालं? एकदा घाटात दरड आली, एकदा परीक्षा, एकदा मॅडमची आई दवाखान्यात. गेलो एकदा, आणि मंग एकदम दिवाळीच्या तोंडावर.

कड्यावर बकऱ्या येऊन गेल्या होत्या. लेंड्या पडलेल्या. झाडायचे बुंधे राहिले होते, वरचं सारं सफाचट. बकऱ्यायनं सोडलं ते माणसानं तुडवलं होतं, चिप्सचं एक पाकीट दगडात अडकून फडफडत होतं. गोंडे असलेली झाडं आम्ही मोजली, सात भरली. सात झाडायचं बी घ्यायची मॅडमची हिंमत झाली नाही. त्या मावशीच्या दगडावर बसल्या. तिथं एका बुंध्यापाशी गेल्या सालचे तीन खडे तसेच होते.

मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे. माणूस ठेवायला हवा होता."

आणि मी? एसटीत येताना मी त्याईले माझ्या डब्यातला पराठा देल्ला. जबरदस्तीनं दोन देल्ले.

मंग तो व्हिडिओ. दिवाळीच्या सुट्टीनंतर मोबाईल भरला, फोटो घेईना, म्हणून मी जुनं जुनं उडवत बसली होती. उडवायच्या आधी पाहू तरी म्हणून कानात इअरफोन टाकले. वर्षभरात मी तो एकदाही ऐकला नव्हता. मावशी गोंडा फुंकते, बी दगडावर बसते, आणि ती सांगते, एकेक शब्द साफ.

"याले मातीत नोको गाडू बेटी. हे वाऱ्याचं बी हाय. दगडावर बसते, ओल पिते, आन् वर पाहते. याले उजेड पायजे."

आणि तिच्यावर माझा आवाज, "हाओ मावशी, हाओ, जरा इकडं पाहा ना, उन्ह येऊन राहिलं."

त्याच व्हिडिओत पुढं माझा हात एका गोंड्याकडे जाते आणि ती चापट मारते. ते अजून मायचं दूध पिऊन राहिलं. कच्चं कोण तोडत होतं, तेही त्यात होतं.

मी उठून कॉलेजले गेली. ड्रॉवरमधी पहिल्या सालच्या त्या लुगड्याच्या थैल्या पडल्या होत्या, रिकाम्या. मी एकेक थैली उलटी केली. शिवणीत, धाग्यायच्या मधात, बी अडकून होतं. चिमट्यानं काढलं, अकरा निघाले. पाण्याच्या टाकीखालच्या विटेवर शेवाळ असते, ती वीटच उचलून आणली, ट्रेत ठेवली, बी वरच ठेवलं, उघडं, वरून काच. रोज सकाळी फवाऱ्यानं नुसती ओल. बस. माती नाही, खत नाही, दाबणं नाही.

नवव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके. दोन. मंग चार. मंग पाच. मी गच्चीवर अक्षरशः उड्या मारल्या. आणि तिसऱ्या-चौथ्या उडीले ध्यानात आलं की बी चांगलं होतं. वर्षभर शिवणीत पडून राहूनही उगलं, एवढं पक्कं होतं.

मी ट्रे आणि मोबाईल घेऊन मॅडमच्या खोलीत गेली आणि सारं सांगितलं. पोतं, कडुलिंब, पट्ट्या, सारं. मॅडमनं व्हिडिओ दोनदा पाहिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याईनं रजिस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं आणि पेन देल्ला. मी माझ्या हातानं 'बी अपक्व' खोडलं आणि लिहिलं, बी पक्कं होतं, पेरणी मी चुकवली. मंग त्या म्हणाल्या, "मला सांगून काय झालं? जिचं गेलं तिला सांग."

गार्डले फोन केला तर तो म्हणे, ती घरी नाही, कापूस वेचायले खाली गेली, तेल्हाऱ्याकडं.

तेल्हाऱ्याकडं. माझ्या गावाकडं.

शनिवारी मी घरी गेली. मावशीची टोळी कोणाच्या वावरात उतरली ते बाबानं चार फोन करून काढलं आणि मले गाडीवर घेऊन निघाले. बाबाले मी मागच्या सीटवरून सांगितलं, म्हणजे तोंड दिसू नये. तुमच्या मातीत काही उगलं नव्हतं बाबा, मी खोटं बोलली.

बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्या मातीनं मारलं."

मी म्हटलं, नाही, मी मारलं. बाबा म्हणे, "पऱ्हाटीची माती पऱ्हाटीले. फूल कोणत्या जागचं हाय, मीच कुठं विचारलं?" माझ्या वाटचं त्याईनं असं अर्धं उचललं आणि मले ते नको होतं.

मावशी वावरात होती. कमरेले कापसाची झोळी, डोक्यावर टॉवेल, दोन्ही हातायनं बोंडं उपसून राहिली होती. मले ओळखलं, हसली, आणि वेचतच राहिली. मी तिच्या बाजूच्या तासात चालत चालत सांगितलं. ती थांबली नाही. मीही मंग वेचायले लागली, वेचून तिच्या झोळीत टाकायले लागली, आणि सांगत राहिली. तास संपला तवा ती उभी राहिली.

"मॅडमले सांगितलं?"

"हाओ."

"आन् माझ्या गावात कोण सांगन?"

मले समजलंच नाही. मंग तिनं सांगितलं. गार्डनं निरोप देल्ला तो हापशीवर, साऱ्या बायायच्या समोर, की कच्चं तोडते म्हणून मॅडमनं काढलं. तवापासून ती पाण्याले गेली की पोट्ट्या म्हणतात, ओ साहेब, कच्चं नोको तोडू. मोह वेचायले गेली की कच्चं नोको वेचू. तिच्या सुनेलेही म्हणतात. एवढी वर्षं तिनं जंगलात काय पिकलं, काय नाही हे साऱ्या गावाले सांगितलं, आणि आता तिले कोणी विचारत नाही.

"इथं वावरात सांगून काय," ती म्हणे. "इथं मले कोण ओळखते? होळीले आमी सारे घरी असतो. तवा ये."

तर मी होळीची वाट पाहिली. तीन महिने. मॅडम म्हणाल्या, रोपं सोबत नेऊ नको, काही मागायलाही नको, आधी फक्त जा.

आज गेली. मेळघाटात होळी पाच दिवस चालते, कमवायले गेलेलं एकेक माणूस घरी येते. एसटी रस्त्यात तीन वेळा अडवली, बाया आडव्या दोऱ्या धरून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागत होत्या, गाणी म्हणत होत्या. मी खिडकीत बसून माझं भाषण पाठ करत होती.

गावात हापशीजवळ मोहाच्या झाडाखाली सारे बसले होते, ढोल बाजूले ठेवलेला. गार्डही होता. मावशीनं कोणाले हाक मारली नाही, काही नाही, मले नुसतं तिथं नेऊन उभं केलं. पाठ केलेलं सारं उडालं. मी म्हटलं, मावशीनं कच्चं तोडलं नव्हतं. कच्चं मी तोडत होती, ती मले अडवत होती. बी मी मारलं, चुकीचं पेरून, आणि तिचं नाव सांगितलं. ते खोटं होतं.

एका म्हाताऱ्या बाबानं कानामागं हात धरून काहीतरी विचारलं. मराठी त्याले समजली नव्हती. आणि मंग, ऐका, मावशीनंच माझं बोलणं कोरकूत सांगायले सुरुवात केली.

मी तीन-चार वाक्यं बोलली असेल. ती लय वेळ बोलली. हातानं टोबून दाखवलं, अंगठ्यानं माती दाबून दाखवली. मोबाईल धरून डोळा बारीक करून दाखवला, ते मी होती. चापट मारून दाखवली. आधी एक बाई हसली, मंग सारेच. गार्ड मान खाली घालून चप्पल पाहत होता. काय काय सांगितलं तिनं, मले माहीत नाही. जास्तीचं सांगितलं असेल तर सांगो. तेवढा तिचा हक्क आहे.

हसणं थांबलं तर हापशीवरची एक पोट्टी, हंडा कमरेवर, माझ्याकडे पाहून म्हणे, "मॅडम, कच्चं नोको तोडू." आणि सारे पुन्हा हसले. या वेळी मावशीही.

मी उभी होती. तोंड भाजल्यासारखं झालं होतं, पण मी उभी राहिली.

मंग तिनं मले घरी नेलं, जेवू घातलं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तिनं विचारलं, किती उगले? मी म्हटलं पाच, आता चार-चार पानांवर आहेत. तर ती रागावली. खरंच रागावली, साऱ्या दिवसात पहिल्यांदा.

"मंग आणले काहून नाई? अमरावतीच्या उन्हात मारशील आता त्याईले."

मी सांगितलं, मॅडम म्हणाल्या आधी फक्त जा. ती म्हणे, मॅडमले काय समजते उन्हाचं. आणि सांगायले लागली. दुपारी ओल्या गोणपाटाची सावली धर, पण सकाळचं उन्ह लागू दे. पाणी पानावर नोको, दगडाले दे. मुळी खाली गेली की वीट बदलू नोको. मी मोबाईल नाही काढला. वही काढली. एकेक शब्द लिहिला आणि तिले वाचून दाखवला. दोन ठिकाणी तिनं दुरुस्त केलं.

निघताना मी भीत भीत विचारलं की भादव्यात कड्यावर बसशील का. ती म्हणे, सोयाबीन कापायले लोक आतापासूनच बोलावून राहिले, पाहू. माफ केलं असं ती कुठं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही, विचारायचं माझं तोंड नव्हतं. कड्यावर सात झाडं, ट्रेत पाच रोपं, आणि भादव्यात तिथं कोण बसेल ते मावशी ठरवणार. मॅडम नाही, मी तर नाहीच.

कंडक्टर आला, घंटी वाजवून राहिला. वाचलं न वाचलं तसंच टाकते आता, पुन्हा पाहिलं तर मी शब्द बदलीन. तुमच्याकडून झालं का कधी असं? ज्या माणसानं आपल्याले बरोबर सांगितलं होतं, आपली चूक त्याच्याच नावावर टाकली, असं? आणि टाकली असेल तर मंग कुठं जाऊन सांगितलं, जिथं सोपं होतं तिथं, का त्याच्या हापशीवर?